पत्ता सापडला, माणूस कुठे?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जी ब्लॉकमध्ये दोन इमारती चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या आहेत. एक राष्ट्रीय शेअर बाजाराची, म्हणजे एनएसईची. दुसरी त्या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी या दुसऱ्या इमारतीने पहिलीबद्दल १९० पानांचा एक आदेश काढला. भाषा नेहमीसारखी रुक्ष, कलमांची आणि परिच्छेद-क्रमांकांची. मजकूर मात्र एखाद्या रहस्यकथेच्या लेखकाने अतिशयोक्ती वाटेल म्हणून खोडून टाकावा असा.

देशातल्या सर्वांत मोठ्या शेअर बाजाराच्या व्यवस्थापकीय संचालक चित्रा रामकृष्ण बाजाराची अंतर्गत माहिती एका ईमेल पत्त्यावर पाठवत होत्या. पाच वर्षांचे आर्थिक अंदाज, लाभांशाचं प्रमाण, संचालक मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका, कर्मचाऱ्यांच्या कामाचं मूल्यमापन, असं सगळं त्यात होतं. पलीकडून उत्तरं येत. कोणाला कुठे बसवायचं, कोणाला वर घ्यायचं याचे सल्ले येत आणि ते अमलात येत. बाजार प्रत्यक्षात ती पलीकडची व्यक्ती चालवत होती आणि प्रमुख तिच्या हातातली बाहुली होत्या, इतक्या टोकाचा निष्कर्ष सेबीने काढला. पण ती व्यक्ती कोण, हे आदेशाला सांगता आलं नाही. तिचा उल्लेख शेवटच्या पानापर्यंत 'अज्ञात व्यक्ती' असाच राहिला.

सेबीची यंत्रणा, नामांकित लेखापरीक्षक, पुढे सीबीआय, एवढे सगळे एका पत्त्याच्या मागे लागले. तरी 'हा पत्ता कोणाचा?' या प्रश्नाला एकच उत्तर मिळालं नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज अनोळखी पत्त्यांवरून मेल येतात. म्हणून हे प्रकरण शेअर बाजारात पैसे न घालणाऱ्यानेही समजून घ्यावं असं आहे.

गंगाकाठची ओळख

खातं आउटलुक डॉट कॉमवरचं होतं. नाव 'ऋग्यजुरसाम', तीन वेदांची नावं एकापुढे एक जोडून केलेलं. चित्रा रामकृष्ण यांनी २०१८ मध्ये सेबीपुढे सांगितलं की, पलीकडे एक सिद्धपुरुष आहेत. वीसेक वर्षांपूर्वी गंगेच्या काठी त्यांची भेट झाली. त्यांचं वास्तव्य बहुधा हिमालयात असतं. अशा व्यक्तींना ठावठिकाणा लागत नाही, इच्छा होईल तेव्हा त्या प्रकट होतात. मोठ्या पदावरची माणसं मार्गदर्शकाचा सल्ला घेतात तसा आपण घेतला, आणि आध्यात्मिक शक्तीला माहिती दिल्याने गोपनीयतेचा भंग होत नाही, असा त्यांचा बचाव होता. हा युक्तिवाद सेबीने हास्यास्पद ठरवून फेटाळला.

ओळख वीस वर्षांची असेलही, पण पत्ता तेवढा जुना असणं शक्य नव्हतं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम ही सेवा सुरू केली ती २०१२ च्या जुलैअखेरीस. म्हणजे हे खातं त्यानंतरच कोणीतरी, कुठल्यातरी संगणकासमोर किंवा फोन हातात धरून, नाव आणि पासवर्ड टाकून उघडलं होतं. तेवढं तरी कोणत्याही तपासाआधीच सांगता येत होतं.

मेलमधला मजकूरही विरक्ताचा नव्हता. १७ फेब्रुवारी २०१५ च्या मेलमध्ये सिद्धपुरुष कळवतात की, बॅगा भरून ठेवा, पुढच्या महिन्यात सेशेल्सला जायचा विचार आहे, तुम्हालाही बरोबर येता येईल का ते पाहतो. वाटेत थांबायला हाँगकाँग बरं की सिंगापूर, याचाही विचार त्यात आहे. दुसऱ्या दिवशीच्या मेलमध्ये बाईंच्या दिसण्याचं कौतुक आहे, केसांच्या वेण्या वेगवेगळ्या प्रकारे घालायला शिका असा फुकटचा सल्ला आहे आणि मार्चचा मध्य मोकळा ठेवण्याची सूचना आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पाठवलेलं गाणं ऐकलं का, अशी विचारणा आहे, काल तुमच्याबरोबर घालवलेला वेळ छान गेला, असंही आहे. आज तुम्ही छान दिसता, असं लिहिणाऱ्याने समोरच्याला आज पाहिलेलं असतं किंवा तसं भासवायचं असतं. दोन्ही शक्यता हिमालयापेक्षा मुंबईच्या जवळच्या आहेत.

या मेलमध्ये 'कांचन' हे नाव वारंवार येतं. हे कांचन म्हणजे आनंद सुब्रमणियन. १ एप्रिल २०१३ रोजी चित्रा रामकृष्ण बाजाराच्या प्रमुख झाल्या आणि त्याच दिवसापासून आनंद यांची मुख्य धोरण सल्लागार म्हणून नेमणूक झाली. आधीच्या नोकरीत त्यांचा वार्षिक पगार १५ लाखांच्या आत होता, भांडवली बाजाराचा अनुभव नव्हता. इथे आठवड्यातून चार दिवसांच्या कामासाठी १ कोटी ६८ लाख ठरले. जागेची जाहिरात दिली गेली नव्हती, दुसऱ्या कोणा उमेदवाराचा विचार झाला नव्हता. २०१५ मध्ये ते समूह परिचालन अधिकारी झाले आणि २०१६ पर्यंत मानधन ४ कोटी २१ लाखांवर गेलं. सिद्धपुरुषांनी एका मेलमध्ये लिहिलं आहे की, आपल्याला पृथ्वीवर मनुष्यदेह घ्यायची संधी मिळाली, तर कांचनचाच देह त्याला योग्य ठरेल.

एका संगणकावरची दोन खाती

एनएसईने 'अर्न्स्ट अँड यंग' या लेखापरीक्षण संस्थेकडून संगणकीय तपासणी करून घेतली. तपासणाऱ्यांना आनंद यांच्या कार्यालयातल्या संगणकावर स्काइपची दोन खाती सापडली. एक त्यांच्या स्वतःच्या नावाचं, दुसरं 'शिरोमणी' या नावाचं. ही खाती ऋग्यजुरसामच्या ईमेल पत्त्याशी आणि आनंद यांच्याच मोबाइल क्रमांकाशी जोडलेली होती. डिसेंबर २०१५ मध्ये उमेद भवन पॅलेस या हॉटेलच्या बुकिंगपोटी आनंद यांच्या बँक खात्यातून २ लाख ३७ हजार ९८४ रुपये गेले होते. त्या बुकिंगचा संबंधही तपासणाऱ्यांनी अज्ञात व्यक्तीच्या पत्रव्यवहाराशी जोडला. आनंद हेच सिद्धपुरुष असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. एनएसईने मानसशास्त्राच्या जाणकाराचंही मत घेतलं आणि सेबीला कळवलं की, आनंद यांनी दुसरं रूप उभं करून आपल्या वरिष्ठांच्या श्रद्धेचा फायदा घेतला.

सेबीला हे पटलं नाही. आपल्या आदेशात तिने अज्ञात व्यक्ती ही या दोघांहून वेगळी, तिसरी मानली. आदेशाने चित्रा रामकृष्ण यांना ३ कोटींचा, आनंद यांना २ कोटींचा, आधीचे प्रमुख रवी नारायण यांना २ कोटींचा आणि एनएसईला २ कोटींचा दंड केला. चित्रा रामकृष्ण आणि आनंद यांना बाजाराशी संबंधित संस्थांपासून तीन वर्षं दूर राहायला सांगितलं.

मग सीबीआय आली. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस आनंद यांना चेन्नईत अटक झाली, ६ मार्चला चित्रा रामकृष्ण यांना. जामिनाला विरोध करताना सीबीआयने न्यायालयात सांगितलं की, सिद्धपुरुष दुसरा तिसरा कोणी नसून आनंदच आहेत. आनंद यांच्या वकिलांनी ते साफ नाकारलं. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांनाही जामीन दिला.

एकाच पत्त्याबद्दल आता इतकी उत्तरं झाली. चित्रा रामकृष्ण म्हणतात सिद्धपुरुष. लेखापरीक्षक आणि सीबीआय म्हणतात आनंद. आनंद म्हणतात मी नव्हे. सेबी म्हणते तिसराच कोणी. यातलं पहिलं उत्तर बाजूला ठेवलं, तरी बाकीची उत्तरं जवळपास एकाच पुराव्यावरून निघाली आहेत, आणि तरीही ती एकमेकांशी जुळत नाहीत.

मेलच्या पोटात काय असतं

हे असं का होतं, ते कळण्यासाठी मेल आतून पाहावा लागतो. संगणकावर जीमेल उघडा, कोणताही मेल घ्या, वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. एरवी सुबक दिसणारं पत्र अचानक रांगड्या ओळींच्या ढिगासारखं दिसू लागतं. त्यात 'रिसिव्ह्ड' अशी सुरुवात असलेल्या ओळी असतात. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून गेला, त्या प्रत्येकाने आपली ओळ वरच्या बाजूला चिकटवलेली असते. म्हणून मेलचा प्रवास खालून वर वाचायचा असतो.

'फ्रॉम' या रकान्यात जे नाव दिसतं, ते मुळात पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेलं असतं. १९८२ मध्ये मेल पाठवण्याचे नियम ठरले, तेव्हा संगणकांचं जाळं काही विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरतं होतं. सगळे एकमेकांना ओळखत. पाठवणाऱ्याने खरं नाव लिहिलं आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत ठेवलीच नाही. पुढे जगभर फसवणूक सुरू झाल्यावर त्यावर ठिगळं लावली गेली. एसपीएफ सांगतं की, या संस्थेच्या नावाने मेल पाठवायची परवानगी अमुक सर्व्हरांनाच आहे. डीकेआयएम मेलवर संस्थेची सांकेतिक खूण उमटवतं. जुन्या मराठी पत्रावर माथ्याला शिक्का आणि शेवटी मोर्तब असे, मधे कोणी काही घुसडू नये म्हणून. हे काम तसंच. डीमार्क सांगतं की, या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

या तिन्ही परीक्षा मेल कोणत्या संस्थेच्या दारातून निघाला, एवढंच सांगतात. ऋग्यजुरसामचा मेल त्या सगळ्यांत उत्तीर्ण झाला असता, कारण तो खरोखरच आउटलुककडून येत होता. आउटलुकच्या दारातून आत जाऊन तो कोणी लिहिला, हे त्यात कुठेच नसतं. फुकट ईमेलची कल्पना मुळातच तशी आहे. सबीर भाटिया यांनी जॅक स्मिथ या सहकाऱ्याबरोबर १९९६ मध्ये हॉटमेल सुरू केलं, तेव्हा त्याची मोहिनीच ही होती की, कोणीही, कुठूनही, कागदपत्रं न दाखवता खातं उघडू शकतो. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि कालांतराने त्याचंच आउटलुक डॉट कॉम झालं.

मग खातेदार शोधायचा कसा? कंपनीकडे खातं उघडताना दिलेलं नाव, पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडणारा फोन क्रमांक किंवा दुसरा पत्ता आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून कधी प्रवेश झाला याचा रोजनामचा असतो. नाव काहीही देता येतं, म्हणून तपासणारे आधी फोन क्रमांक आणि आयपी पाहतात. आयपी पत्ताही थेट माणसापर्यंत नेत नाही. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक हाती असेल, तरच त्यातला एक ग्राहक वेगळा काढता येतो. आणि असे रोजनामचे कोणी वर्षानुवर्षं सांभाळून ठेवत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने संगणक व्यवस्थांचे रोजनामचे १८० दिवस जपून ठेवण्याचं बंधन घातलं. एनएसई प्रकरणातले मेल २०१४ ते २०१६ मधले आणि आदेश २०२२ चा. चित्रा रामकृष्ण आणि आनंद यांना दिलेले लॅपटॉप ई-कचरा म्हणून निकालात काढले गेल्याचं एनएसईने सेबीला कळवलं होतं.

म्हणून अशा तपासात तीन वेगवेगळे दुवे जोडावे लागतात. मेलपासून खात्यापर्यंत, खात्यापासून यंत्रापर्यंत आणि यंत्रापासून त्या यंत्रावर बोटं चालवणाऱ्या माणसापर्यंत. पहिला दुवा सोपा. दुसरा प्रयत्नाने मिळतो. स्काइपची ती दोन खाती म्हणजे हा दुसरा दुवा. तिसऱ्या दुव्यावर येऊन वाद अडतो. माझ्या संगणकावर खातं होतं हे खरं, पण ते मी दुसऱ्या कोणासाठी जोडून दिलं होतं, असं कोणीही म्हणू शकतो, आणि ते खोडून काढायला मग यंत्राबाहेरचा पुरावा लागतो: पैसे कुठून गेले, कोण कुठे होतं, कोणाचा फायदा झाला.

खातं खरं, हात दुसरा

याच्या उलटा प्रकारही महाराष्ट्राने पाहिला आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकी संस्थेने बचाव पक्षासाठी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालानुसार, १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना कवी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून काही मेल आले. सोबतची फाइल उघडावी असा आग्रह त्यात होता. ती उघडताच 'नेटवायर' नावाचा, दुरून संगणक चालवू देणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरला आणि पुढे आरोपपत्रात आलेली पत्रं त्याच वाटेने तिथे ठेवली गेली, असं अहवाल म्हणतो. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत आणि त्याचा निवाडा न्यायालयातच व्हायचा. पण अहवाल ज्या शक्यतेवर उभा आहे, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऋग्यजुरसामच्या बाबतीत पत्ता ठाऊक आणि माणूस अनोळखी होता. इथे अहवाल सांगतो की, खातं ओळखीच्या माणसाचं होतं आणि ते दुसरंच कोणी वापरत होतं.

कायदा किती मानतो

कायदा करणाऱ्यांना ही अडचण फार आधी कळली होती. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, तेव्हा भारतीय पुरावा कायद्यात ८८-अ हे कलम घातलं गेलं. मेल सर्व्हरमार्फत आलेला संदेश, पाठवणाऱ्याने आपल्या संगणकात जसा टाइप केला तसाच पोचला, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. मात्र तो संदेश कोणत्या व्यक्तीने पाठवला, याबद्दल न्यायालयाने काहीही गृहीत धरायचं नाही. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्यात ही तरतूद कलम ९० म्हणून कायम आहे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणूक वादातून आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितलं की, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं नसेल, तर त्यातल्या नोंदीची प्रत दाखल करताना कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा होता, पण नियम ईमेललाही तितकाच लागू आहे. तो पाळूनही सिद्ध होतं ते एवढंच की, ही नोंद या यंत्रातली आहे. ती कोणी केली, हे वेगळं शाबीत करावं लागतं. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण शिक्षेआधी सोंगामागचा चेहरा लागतो.

दुसरा बिनचेहऱ्याचा लेखक

एनएसईच्या गोष्टीत आणखी एक अज्ञात लेखक आहे, आणि त्याच्याशिवाय ती अपुरी राहील.

२०१५ च्या जानेवारीत सेबीला एक पत्र गेलं. त्याची प्रत 'मनीलाइफ' या मुंबईच्या नियतकालिकाच्या सुचेता दलाल यांना मिळाली. १९९२ मध्ये हर्षद मेहता घोटाळा बाहेर काढणाऱ्या त्याच पत्रकार. सिंगापूरचा संदर्भ देणाऱ्या आणि केन फाँग हे नाव लावणाऱ्या या लेखकाचं म्हणणं होतं की, एनएसईच्या को-लोकेशन सुविधेत काही दलालांना इतरांआधी भाव कळतात. को-लोकेशन म्हणजे दलालाने आपला संगणक बाजाराच्याच इमारतीत, बाजाराच्या सर्व्हरशेजारी भाड्याने ठेवायचा. बाजाराची त्या वेळची यंत्रणा भाव सगळ्यांना एकदम न देता एकामागून एक देत असे. जो सकाळी सर्व्हरवर आधी नंबर लावेल, त्याला भाव आधी. सेकंदाच्या छोट्याशा अंशाचा फरक, पण यंत्राने चालणाऱ्या व्यवहारात तेवढ्यावर नफा ठरतो. पत्रात सर्व्हर, नोंदणीचा क्रम, यंत्रणेतल्या फटी यांचं तपशीलवार वर्णन होतं.

सुचेता दलाल आणि त्यांचे सहकारी देबाशिष बसू यांनी एनएसईकडे विचारणा केली, उत्तर आलं नाही, तेव्हा जून २०१५ मध्ये त्यांनी मजकूर छापला. एनएसईने १०० कोटींच्या बदनामीचा दावा लावला. ९ सप्टेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी लिखाणावर बंदी घालायला नकार दिला आणि उलट एनएसईलाच ५० लाख रुपये भरायला सांगितले: दोन्ही पत्रकारांना प्रत्येकी दीड लाख, उरलेले ४७ लाख टाटा मेमोरियल आणि मसिना या रुग्णालयांना.

पुढे चौकशा झाल्या. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने एनएसईला सुमारे ६२५ कोटी व्याजासह जमा करायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील लवादाने तो भाग रद्द केला, पण पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी भरायला लावले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने दलालाशी संगनमत केल्याच्या आरोपातून एनएसई आणि तिच्या माजी अधिकाऱ्यांना पुरेशा पुराव्याअभावी मोकळं केलं. म्हणजे पत्रातलं सगळंच शाबीत झालं असं नाही. पण भाव देण्याच्या पद्धतीत खोट होती की नाही, हे तपासण्यासाठी पत्र लिहिणाऱ्याची जन्मकुंडली लागली नाही. सर्व्हरच्या नोंदी होत्या, त्या तपासता आल्या.

एकाच बाजाराशी निगडित असे हे दोन अज्ञात लेखक. साधारण एकाच सुमारास दोघेही लिहीत होते. एकाकडे माहिती होती, ती त्याने दिली आणि खरी का खोटी ते पाहा म्हणाला. त्याला बाजाराने न्यायालयात खेचण्याइतकं शत्रू मानलं. दुसऱ्याने माहिती मागितली, माणसं नेमायला लावली, आणि त्यासाठी आधार दिला तो फक्त आपण कोण आहोत याचा. त्याचं नाव काढून घेतलं, तर त्याच्या सल्ल्यात ऐकण्याजोगं काही उरत नाही. आणि नेमकं तेच नाव कोणी तपासलं नाही.

यातली विसंगती बोचते, कारण निनावी व्यवहार सुरक्षित कसा करायचा हे देशाला एनएसईनेच शिकवलं होतं. हर्षद मेहता प्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या या बाजारात १९९४ पासून पडद्यावर सौदे होऊ लागले. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात ओरडून, चेहरे पाहून होणाऱ्या सौद्यांची जागा संगणकाने घेतली. समोरचा विकणारा कोण, हे घेणाऱ्याला कळतच नाही. फक्त भाव आणि वेळ मोजली जाते. सांगलीतला गुंतवणूकदार आणि कोलकात्यातला गुंतवणूकदार एकमेकांचं नावही न विचारता व्यवहार करतात. हे चालतं, कारण दोघांचीही ओळख दुसरीकडे कोणीतरी पक्की तपासून ठेवलेली असते. २००७ पासून पॅनशिवाय बाजारात पाऊल टाकता येत नाही, आणि सौद्याची हमी क्लिअरिंग संस्था देते. चार शेअर घेणाऱ्या निवृत्त शिक्षकाकडून पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक मागणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी, त्याच संस्थेचे पाच वर्षांचे अंदाज ज्याला दिले त्याच्याकडे काय मागितलं होतं?

आपल्या मेलपेटीतले सिद्धपुरुष

सेशेल्सची बोलणी आपल्याशी कोणी करणार नाही. पण सोसायटीच्या खजिनदाराला अध्यक्षांच्या नावाने मेल येतो की, लिफ्टवाल्याचं बँक खातं बदललं आहे, आजच पैसे भरा, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. छोट्या कारखान्याच्या हिशेबनिसाला नेहमीच्या पुरवठादाराच्या पत्त्यावरून, फक्त एका अक्षराच्या फरकाने, बिल येतं. यात मोठे मोठे फसले आहेत. लिथुआनियातल्या एव्हाल्डास रिमासाउस्कास याने तैवानच्या क्वांटा कंपनीचं सोंग घेऊन बिलं आणि मेल पाठवले आणि गूगल व फेसबुक या दोन कंपन्यांकडून मिळून १० कोटी डॉलरपेक्षा जास्त उकळले. २०१९ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांच्या सेवेवर जगाचे मेल चालतात, त्या गूगललाही पलीकडे कोण आहे हे ओळखता आलं नाही.

गावात आजही निनावी पत्र आलं की, थोर मंडळी दोनच गोष्टी विचारतात: म्हणतो काय आणि मागतो काय. ईमेललाही तेच पुरेल. मेल काही सांगत असेल, तर सांगितलेलं तपासा. लिहिणारा अनोळखी आहे म्हणून खरी तक्रार केराच्या टोपलीत टाकू नका. मेल काही मागत असेल, पैसे, पासवर्ड, कागदपत्रं किंवा आज्ञापालन, तर आधी माणूस तपासा. तोही मेलला उत्तर देऊन नव्हे, कारण उत्तर त्याच अज्ञात हाती पडणार. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन लावा, शक्य असेल तर समोर जाऊन विचारा. 'फोन करू नका' असं मेलमध्ये लिहिलेलं असेल, तर फोन नक्की करा. हे तपासणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. वरिष्ठांना, वडीलधाऱ्यांना, गुरूंना उलट विचारायचं कसं, असा संकोच असतो. फसवणारा याच संकोचावर जगतो. ज्याला खरोखर तुमचं भलं हवं आहे, त्याला तुम्ही खात्री करून घेतल्याचा राग येणार नाही.

आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. मेल पुसून टाकू नका, त्याचा फोटो काढून मूळ मेल उडवू नका. 'शो ओरिजिनल'मधल्या त्या रांगड्या ओळी हाच तुमचा पुरावा आहे. आणि पोलिसांत जायला उशीर करू नका, कारण पत्त्यामागच्या माणसापर्यंत नेणारे रोजनामचे कायमचे राहत नाहीत.